पहारेकरी घरात की घराबाहेर?

१४ ऑगस्ट २००३ च्या दुपारी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन येथे, फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील काम नेहमीसारखे चालू होते. उन्हाळ्याचे दिवस होते, विजेची मागणी मोठी होती. पण धोक्याची घंटा कोठे वाजत नव्हती. ती वाजत नव्हती याचे कारण धोका नव्हता हे नव्हे. घंटा वाजविण्याचे काम ज्या संगणकीय प्रणालीकडे सोपविले होते, तीच २ वाजून १४ मिनिटांनी निमूटपणे बंद पडली होती आणि कक्षात बसलेल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नव्हता. ३ वाजून ५ मिनिटांनी एक उच्चदाब वाहिनी झाडाला टेकून बंद पडली. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. तरीही घंटा वाजली नाही. चार वाजून गेल्यानंतर अवघ्या काही मिनिटांत अमेरिकेच्या आठ राज्यांतील आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि हजारो माणसे पायी घराकडे निघाली.

या अनर्थाची चौकशी दोन्ही देशांच्या संयुक्त दलाने केली आणि एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. वाहिन्यांखालील झाडांची छाटणी न होण्यापासून कर्मचाऱ्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणापर्यंत अनेक दोष त्यात नोंदविले आहेत. परंतु घंटेविषयीचा भाग वीजशास्त्रापुरता मर्यादित नाही. यंत्रणेवर नजर ठेवणारी यंत्रणाच आंधळी झाली तर ते कळावे कोणाला आणि कसे, हा तो प्रश्न आहे. बँकेतील पैसे, रेल्वेचे आरक्षण, विद्यापीठाचे निकाल, निवृत्तिवेतन आणि दवाखान्यातील नोंदी अशा सर्वच गोष्टी आज सॉफ्टवेअरच्या स्वाधीन झाल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलीतून बाहेर येऊन सामान्य नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचला आहे.

तीन प्रकारचे साक्षीदार

सॉफ्टवेअरवर देखरेख ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. यंत्राच्या आत काय घडते आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरूनच ते ओळखावे लागते. या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली खूण मोजमापांची: यंत्रावर भार किती, स्मृती किती शिल्लक, दर मिनिटाला किती विनंत्या आल्या आणि त्यांतील किती फसल्या. वैद्याने नाडी आणि ताप पाहावा तसे हे असते. दुसरी खूण नोंदींची. प्रत्येक कार्यक्रम आपण केलेल्या कामाची रोजनिशी लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. तिसरी खूण मागाची. एका ग्राहकाची एकच विनंती दहा-वीस यंत्रांतून फिरून येते; ती कोठे गेली, कोठे किती वेळ थांबली, कोठे अडली, याचा आरंभापासून शेवटपर्यंतचा माग काढणे हे तिसरे काम.

ही तिन्ही कामे वेगवेगळ्या गरजांतून, वेगवेगळ्या काळी वाढली आणि त्यांची साधनेही स्वतंत्रपणे तयार झाली. मोजमापांचे साधन एकाचे, नोंदी साठविण्याचे दुसऱ्याचे, जाळ्यावर लक्ष ठेवण्याचे तिसऱ्याचे, अशी स्थिती बहुतेक संस्थांत अनेक वर्षे होती आणि कित्येक ठिकाणी ती आजही आहे. गेल्या दशकात मात्र वारे बदलले. हे सारे एकाच छताखाली आणावे, एकाच पडद्यावर पाहावे, एकाच विक्रेत्याकडून घ्यावे, असा आग्रह वाढू लागला. बाजारपेठही त्याच दिशेने सरकली आहे. नोंदींच्या विश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेली स्प्लंक ही कंपनी जाळ्यांची उपकरणे बनविणाऱ्या सिस्कोने सुमारे २८ अब्ज डॉलरना विकत घेतली. हा व्यवहार मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे संस्थांपुढे प्रश्न उभा आहे तो असा: देखरेख एकत्र करावी, की वेगवेगळी ठेवावी?

एकत्र देखरेखीची बाजू

एकत्रीकरणाचा पक्ष दुबळा नाही. समजा, एखाद्या प्रवाशाने घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढले. खात्यातून पैसे वजा झाले, परंतु तिकीट हाती आले नाही. बँकेच्या पडद्यावर सर्व काही आलबेल आहे, कारण पैसे नियमाप्रमाणे वळते झाले. आरक्षणाच्या पडद्यावरही सर्व काही आलबेल आहे, कारण पैसे मिळाल्याचा संदेश न आल्यामुळे तिकीट दिले गेले नाही, आणि तसे न देणे हेच नियमाला धरून होते. मधल्या जाळ्याचा पडदाही हिरवाच. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आणि प्रवासी मात्र फलाटावर राहिला. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडलेल्या कोणालाही हा अनुभव नवा वाटणार नाही. दोष टेबलांवर नसून टेबलांमधल्या मोकळ्या जागेत असतो, आणि ती जागा पाहणे कोणाच्याच कर्तव्यात लिहिलेले नसते.

ही मोकळी जागा दिसावयाची असेल तर सर्व साक्षीदारांच्या जबान्या एकत्र लावाव्या लागतात. प्रत्येक विनंतीला आरंभीच एक ओळखक्रमांक द्यावयाचा आणि ती जेथे जेथे जाईल तेथे तेथे तोच क्रमांक नोंदवावयाचा, ही पद्धत गूगलने आपल्या अंतर्गत यंत्रणेत वापरली आणि २०१० मध्ये तिची माहिती निबंधरूपाने प्रसिद्ध केली. टपालखात्यात नोंदणीकृत पत्राचा क्रमांक जे काम करतो तेच हे काम. पुढे २०१९ मध्ये दोन मुक्त प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री हा प्रकल्प निघाला. माहिती कोणत्याही साधनाने गोळा करा, ती एकाच भाषेत लिहिलेली असावी, हा त्याचा मूळ हेतू होय.

देखरेख ही फुकट नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. १२ एप्रिल २०२५ रोजी आपल्या देशातील यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची यंत्रणा काही तास विस्कळीत झाली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासात जे कारण पुढे आले ते मार्मिक होते. 'आमच्या व्यवहाराचे काय झाले?' अशी विचारणा करणारे संदेश काही बँकांकडून इतक्या मोठ्या संख्येने येत राहिले की त्या विचारणांच्याच भाराखाली मुख्य यंत्रणा मंदावली. रुग्णाची प्रकृती विचारायला येणाऱ्यांच्या गर्दीनेच त्याचा श्वास कोंडावा, तसा हा प्रकार. पुढे अशा विचारणांवर मर्यादा घालण्यात आल्या. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून स्वतंत्रपणे डोकावत राहण्याला किंमत असते आणि ती कधी कधी सर्वांनाच मोजावी लागते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

घर आणि पहारेकरी

असे असूनही एकत्रीकरणाच्या पुरस्कर्त्यांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. नजर ठेवणारा आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तो, हे दोघे एकाच पायावर उभे असतील आणि पायाच खचला, तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. जगातील अत्यंत संपन्न आणि कुशल कंपन्यांना त्याचे उत्तर अनुभवातून मिळाले आहे.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या साठवण-सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात दुरुस्तीचे काम चालू असता एका आज्ञेत चुकीचा आकडा पडला आणि हव्या होत्या त्यापेक्षा कितीतरी अधिक यंत्रे सेवेतून काढली गेली. त्या साठवणीवर विसंबून असलेली असंख्य संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. सेवा सुरू आहे की बंद, हे ग्राहकांना सांगण्यासाठी कंपनीने जो फलक ठेवला होता, त्याचे व्यवस्थापनही त्याच साठवणीवर अवलंबून होते. परिणामी सेवा बंद पडली असता सुमारे दोन तास कंपनीला त्या फलकावरील स्थितिदर्शक खुणा बदलता आल्या नाहीत. ट्विटरवरून आणि फलकाच्या माथ्यावर मजकूर लिहून खुलासा करावा लागला. घराला आग लागली होती आणि आगीची वर्दी देणारी घंटा त्याच घराच्या माजघरात टांगलेली होती.

कंपनीने यातून धडा घेऊन तो फलक अनेक केंद्रांतून चालेल अशी व्यवस्था केली. तरीही २५ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच कंपनीची दुसरी एक सेवा कोसळली, तेव्हा फलकावर सूचना लिहिण्याचे नेहमीचे साधन पुन्हा निकामी झाले. कारण त्या साधनात प्रवेश करण्याची सोय कोसळलेल्या सेवांपैकी एकीवर अवलंबून होती. पर्यायी मार्ग होता, परंतु तो हाताने चालवावयाचा व संथ होता आणि कामावरील कर्मचाऱ्यांच्या तो पुरेसा परिचयाचा नव्हता. कंपनीने हे स्वतःच्या निवेदनात प्रांजळपणे नमूद केले, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. अवलंबित्व एका दाराने घालवून दिले तरी दुसऱ्या दाराने परत येते, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

४ ऑक्टोबर २०२१ चा प्रसंग भारतातील वाचकांनाही आठवत असेल. रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही एकदम बंद पडली आणि सुमारे सहा तास बंदच राहिली. फेसबुकची केंद्रे एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या देखभालीसाठी एक आज्ञा दिली गेली होती. तिने ते सारे जाळेच तोडले. अशा चुकीच्या आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-कार्यक्रमातही दोष होता, त्यामुळे त्याने ती अडविली नाही. जाळे तुटताच बिघाड शोधण्याची कंपनीची अंतर्गत साधने निकामी झाली. आणीबाणीसाठी राखून ठेवलेला स्वतंत्र मार्गसुद्धा उपयोगी पडला नाही. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. आणि परक्या माणसाने सहजासहजी आत शिरू नये म्हणून केलेल्या कडेकोट बंदोबस्तामुळे खुद्द कंपनीच्या माणसांचाही वेळ गेला.

या तिन्ही प्रसंगांत कौशल्याची वा पैशाची वाण नव्हती. उणीव होती ती अंतराची. पाहणारा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या फार जवळ, किंबहुना तिच्या पोटात जाऊन बसला होता.

वेगळेपणाची दुसरी बाजू

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जितकी साधने वेगळी तितकी सुरक्षितता अधिक. तो निष्कर्ष उतावळेपणाचा ठरेल. आणि त्याचा पुरावा पुन्हा ओहायोच्याच कक्षात सापडतो. त्या दुपारी २ वाजून ४१ मिनिटांनी तेथील मुख्य सर्व्हर बंद पडला, तेव्हा संगणक विभागाच्या कर्मचाऱ्यांना तशी स्वतंत्र वर्दी आपोआप मिळाली होती. राखीव सर्व्हरने काम हाती घेतले, पण अडकून बसलेला तोच कार्यक्रम त्याच्याही वाट्याला आल्यामुळे तोही १३ मिनिटांत बंद पडला. संगणक विभागाने यंत्र पुन्हा सुरू केले आणि काम झाले असे मानले. घंटा अजून मुकीच आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि सर्व्हर पडले होते हे वीज विभागाला ठाऊक नव्हते. दोन विभाग, दोन पडदे, दोन अर्धी सत्ये. ती एकत्र आणणारे कोणीच नव्हते. वेगळेपणा होता, परंतु तो दोन अनोळखी शेजाऱ्यांचा वेगळेपणा होता.

घंटांची संख्या वाढविणे हाही उपाय नव्हे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक घंटा आणि दिवे एकदम चालू झाले. त्यांतील महत्त्वाचे कोणते आणि किरकोळ कोणते, हे ओळखण्याची सोय नव्हती. एका झडपेच्या दिव्याने तर घातच केला. झडप बंद करण्याची आज्ञा गेली की तो दिवा विझत असे. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे त्या दिव्याला कळण्याची व्यवस्थाच नव्हती. दिवा विझला, झडप उघडीच राहिली आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी तिच्यातून निसटत राहिले. आजचे संगणक-अभियंतेही हीच चूक करतात. कार्यक्रम चालू आहे एवढे पाहून ते समाधान मानतात. ज्या ग्राहकासाठी तो चालू आहे, त्याचे काम झाले की नाही, हे पाहतच नाहीत.

जोड कोठे, फारकत कोठे

तात्पर्य, 'एकत्र की वेगळे' हा प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो ती रीतच अपुरी आहे. एकत्र काय असावे आणि वेगळे काय असावे, असे विचारले तरच उत्तर हाती लागते. माहितीची भाषा, घड्याळ आणि ओळखक्रमांक ही एक असली पाहिजेत, नाहीतर साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत. पण पहारेकऱ्याच्या पायाखालची जमीन, त्याची वीज, त्याचे जाळे, त्याच्या दाराची किल्ली आणि त्याचा मालक ही घरापेक्षा वेगळी असली पाहिजेत; नाहीतर घरासकट पहारेकरीही जातो.

कारभाराच्या इतर क्षेत्रांत हे तत्त्व फार पूर्वीच मान्य झालेले आहे. आपल्या राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले आणि त्याला सरकारच्या मर्जीपासून संरक्षण दिले. तरीही केंद्र सरकारचे हिशेब संकलित करणे आणि तेच हिशेब तपासणे ही दोन्ही कामे बराच काळ त्याच यंत्रणेकडे होती. १९७६ मध्ये त्यांची फारकत झाली. हिशेबलेखन खात्यांकडे गेले आणि तपासणी महालेखापरीक्षकांकडे राहिली. दोघेही पाहतात ती प्रमाणके तीच, रकान्यांची नावेही तीच. वेगळी आहेत ती खुर्ची आणि निष्ठा. हिशेब लिहिणारा अप्रामाणिक असतो म्हणून तपासनीस वेगळा नेमत नाहीत. प्रामाणिक माणसालाही स्वतःची चूक सहसा दिसत नाही, म्हणून नेमतात.

मुंबईच्या उपनगरी गाडीतही हेच तत्त्व रोज धावत असते. मोटरमन पुढच्या टोकाला आणि गार्ड, ज्याला रेल्वेने २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे नाव दिले आहे, तो मागच्या टोकाला. दोघांना एकाच खोलीत बसविले असते तर संभाषण सोपे झाले असते. पण पुढच्या डब्यावर आलेले संकट दोघांवरही एकदमच आले असते. म्हणून जागा वेगळ्या ठेवल्या आणि घंटेच्या ठरावीक ठोक्यांची भाषा मात्र एक ठेवली. त्याच गाडीतील डेडमन हँडल तर याहून मार्मिक आहे. मोटरमनने तो दांडा दाबून धरलेला असेल तोवर गाडी चालते. त्याचा हात सुटला की ब्रेक लागतात. मोटरमनने बेशुद्ध होण्यापूर्वी कोणाला कळवावे अशी अपेक्षा त्यात नाही. त्याचे काही न करणे हीच वर्दी.

सॉफ्टवेअरच्या देखरेखीत ही युक्ती जाणकारांनी उचललेली आहे. देखरेख करणाऱ्या यंत्रणेने ठरावीक वेळाने 'मी जागा आहे' असा संदेश बाहेरच्या एका स्वतंत्र ठिकाणी पाठवीत राहावयाचे. तो संदेश आला नाही की बाहेरच्याने हाकाटी करावयाची. प्रोमेथियस या २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त साधनाची रचनाही मुद्दाम अशी ठेवली आहे की त्याचा प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या पायावर उभा राहावा आणि आजूबाजूचे सर्व कोसळले असतानाही तो पाहता यावा. ओहायोच्या कक्षात अशी एखादी साधी योजना असती, तर घंटा मुकी झाल्याचे २ वाजून १५ मिनिटांनीच कळले असते. आणि पहिली वाहिनी तुटली ती त्यानंतर ५० मिनिटांनी.

निविदेतील प्रश्न

या चर्चेला आपल्याकडे एक अत्यंत व्यावहारिक बाजू आहे. विद्यापीठे, परीक्षा मंडळे, सहकारी बँका, महापालिका यांच्यासारख्या संस्था आपली संगणकप्रणाली बाहेरच्या कंपनीकडून बनवून घेतात व चालवून घेतात. करारात 'प्रणाली ९९.९ टक्के वेळ चालू राहील' अशा अर्थाचे कलम असते. हा आकडा मोठा दिलासा देणारा वाटतो. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतील एक दशांश टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. एरवी वर्षभर विखुरलेले हे पावणेनऊ तास कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. परंतु तेच अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सलग आले, तर कराराचा भंग न होताही विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

त्याहून मोठा प्रश्न असा की ते तास मोजणार कोण? प्रणाली चालविणाऱ्या कंपनीनेच देखरेखीचे साधन बसविले असेल, ते त्याच सर्व्हरवर चालत असेल आणि मासिक अहवालही तीच कंपनी देत असेल, तर सर्व्हर पडला तेव्हा मोजणी करणाराही पडलेला असतो. न मोजलेला बिघाड अहवालात येत नाही आणि अहवालात न आलेला बिघाड झालाच नाही असे धरले जाते. 'काल दिवसभर पान उघडत नव्हते' असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मग खिडकीवरचा लिपिक उत्तर देतो की आमच्याकडे तशी नोंद नाही. लिपिक खोटे बोलत नसतो, विद्यार्थीही खोटे बोलत नसतो. खोटी असते ती व्यवस्था, आणि तिच्यापायी या दोन निरपराध माणसांत भांडण लागते. वाण्याने स्वतःचा तराजू वापरावा याला कोणाची हरकत नसते. पण त्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. संगणकसेवेच्या तराजूला असा शिक्का अजून बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही.

छोट्या संस्थांना दोन-दोन यंत्रणांचा खर्च परवडणार नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. खर्चाची अडचण खोटी नाही. साठविलेल्या माहितीच्या आकारमानावर देखरेखीचे बिल वाढते आणि तीच माहिती दोन ठिकाणी साठविणे म्हणजे दुप्पट भुर्दंड. परंतु बाहेरच्या पहारेकऱ्याने सगळी माहिती साठवावी असे कोण म्हणते? यंत्राच्या पोटातील गुंतागुंत पाहण्याचे काम एकत्रित साधनाने खुशाल करावे. ते त्यालाच चांगले जमते. बाहेरच्याने एवढेच करावे: दुसऱ्या इमारतीतून, दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून, दर काही मिनिटांनी सामान्य नागरिकासारखे दार ठोठवावे. पान उघडते का, नमुन्याचा अर्ज भरला जातो का, पावती हाती येते का, हे पाहावे आणि वेळेसह लिहून ठेवावे. त्याला एक साधा संगणक आणि थोडी कळकळ पुरते. त्याची वही मात्र प्रणाली चालविणाऱ्याच्या नव्हे, तर संस्थेच्या ताब्यात असावी, आणि करारातील टक्केवारी त्या वहीवरून ठरावी. वर्षातून एक-दोनदा मुद्दाम घंटा बंद करून ती बंद पडल्याचे किती वेळात आणि कोणाला कळते, याची रंगीत तालीमही घ्यावी. न वापरलेला पर्यायी मार्ग ऐन वेळी कसा परका होतो, हे २०२० च्या प्रसंगाने दाखविलेच आहे.

हे सर्व करूनही बिघाड टळतील असे नाही. गुंतागुंतीच्या यंत्रणा बिघडतात. तो त्यांचा स्वभाव आहे. बिघडलेली गोष्ट वेळेवर कळणे आणि जिचे नुकसान झाले त्या माणसाचे म्हणणे खरे धरले जाणे, एवढे तरी संस्थांच्या हाती निश्चित आहे.

ओहायोतील त्या दुपारची एक लहानशी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. घंटा मुकी झाल्यानंतर १८ मिनिटांनी, म्हणजे २ वाजून ३२ मिनिटांनी, शेजारच्या वीज कंपनीतून फर्स्टएनर्जीच्या कक्षात दूरध्वनी आला. दोन्ही कंपन्यांना जोडणारी एक वाहिनी क्षणभर तुटून पुन्हा जोडली गेली, तुमच्याकडे तसे दिसले काय, अशी विचारणा होती. कक्षातील पडद्यावर तसे काही दिसत नव्हते. बाहेरचा माणूस एक सांगत होता, घरातला पडदा दुसरे सांगत होता, आणि कक्षातील माणसांनी पडद्यावर विश्वास ठेवला. पुढे दीड तासाहून अधिक वेळ हाताशी होता.